डाव्या हाताचे खांब

४ मार्च, मंगळवार

शेवटचा खांब आज रोवला, जंगलाच्या तोंडाशी, टेकडी सुरू होते तिथे. सिमेंट कालवायला कोणी नव्हतं. मीच कालवलं, मीच ओतलं आणि ते धरेपर्यंत खांबाला मिठी मारून उभा राहिलो. कोणी पाहिलं असतं तर म्हातारा खुळावला म्हटलं असतं.

तर वाट पुरी झाली. आधी कालव्याचा काठ, मग रूळ उखडलेली जुनी रेल्वेवाट, मग गोठेवाल्याचं कुरण, मग जंगल आणि टेकडीपलीकडचं गाव. दिवसभर सायकल हाणा, एक मोटार आडवी येणार नाही. २७ एप्रिलला उद्घाटनाची फेरी आहे आणि ती मीच नेणार आहे. रस्ते खात्याच्या बाईंना वाटतं, हे सगळं मी पर्यटकांसाठी केलं. त्यांना तसंच वाटू द्यावं.

खरं कारण घरात आहे. काही वर्षांपूर्वी मोठ्या रस्त्यावर एक ट्रक हिला घासून गेला. कोपराची कातडी सोलली, बाकी काही नाही. पण त्या दिवसापासून हिची सायकल जी जिन्याखाली गेली ती गेली. मी तेव्हा म्हणालो होतो, तुला ट्रक नसलेला रस्ता काढून देतो. ही म्हणाली, "काढा." तिला वाटलं मी थट्टा करतोय. जन्मभर पाणीखात्यात नकाशे काढलेला माणूस रस्त्याच्या बाबतीत थट्टा करत नाही.

दुपारी जरा डोकं गरगरलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, खांबाला धरून खाली बसलो, थोड्या वेळाने बरं वाटलं. ऊन आणि रिकामं पोट, दुसरं काय. हिला सांगण्यासारखं त्यात काही नाही.

८ मार्च, शनिवार

पाहणीला म्हणून निघालो आणि संताप घेऊन परत आलो. खांब गायब आहेत.

आमच्या खांबांचा नियम साधा आहे. सायकलस्वार डावीकडून जातो, म्हणून खांब त्याच्या डाव्या हाताला. वर हिरवी पट्टी, पट्टीवर पांढरा बाण, मागची बाजू कोरी. परत येणाऱ्याचे खांब वेगळे, ते त्याच्या डावीकडे. नवखा माणूससुद्धा नकाशाशिवाय जाऊ शकला पाहिजे. आणि आज त्याच वाटेवर मी जातोय आणि एकामागून एक फाटे येतायत, खांबाचा पत्ता नाही. काठावर एक-दोन लांबून दिसले होते, जवळ गेलो तर तेही नाहीत. मला वाट पाठ आहे म्हणून पोचलो. दुसरा कोणी असता तर भलतीकडेच भरकटला असता.

पलीकडच्या गावातून बसमागच्या कॅरियरवर सायकल टाकून घरी आलो. सगळ्या रस्ताभर एकच विचार, हे काम कोणाचं. फार विचार करावा लागला नाही. कुरणातून वाट जाऊ द्यायला गोठेवाला पहिल्यापासून कुरकुरत होता. फाटक लावून घ्याल ना, गाई बिथरणार नाहीत ना, शंभर शंका. शेवटी हो म्हणाला, पण तोंड आंबट करूनच.

९ मार्च, रविवार

स्वयंपाकघराच्या चौकटीवर खांदा आपटला. या आठवड्यात दुसऱ्यांदा. ही म्हणाली, "चौकट लग्नाच्या आधीपासून तिथंच आहे." हिला अशा वेळी बरं सुचतं.

११ मार्च, मंगळवार

गोठेवाल्याकडे गेलो. धारेच्या वेळी माणूस जागेवर सापडतो. तो गाईच्या पोटाशी डोकं टेकवून बसला होता, बादलीत दुधाचा आवाज चालू होता. मी सरळ विचारलं, "माझे खांब कुठं टाकलेत?"

तो म्हणाला, "कुठले खांब, काका?"

"जे तुम्हाला डोळ्यांत खुपत होते ते."

त्याने बादली बाजूला ठेवली, हात पुसले आणि म्हणाला, "चला, दाखवतो." मला वाटलं, गोठ्यामागे ढीग दाखवणार. तो मला फाटकापर्यंत चालत घेऊन गेला, माझ्या खांद्याला धरून मला वळवलं आणि म्हणाला, "हा काय उभा आहे."

उभा होता. बाण, पट्टी, सगळं जागच्या जागी. मी खाली वाकून बुडाचं सिमेंट पाहिलं. दगडासारखं घट्ट, कुठे चीर नाही. म्हणजे माणूस हुशार आहे. कसं केलं ते कळत नाही, पण शनिवारी तो तिथे नव्हता, हे मी छातीठोक सांगतो. नकाशात केसाएवढी रेघ चुकलेली माझ्या नजरेतून सुटत नसे, पुरुषभर उंचीचा खांब सुटेल होय?

"दुपारी झोप काढत जा, काका," तो म्हणाला. वर हे.

१५ मार्च, शनिवार

आज उलट तोच आमच्या दारात. ओरडून बोलला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात बोलत होता.

"सकाळी तुम्ही कुरणातून गेलात. फाटक उघडं टाकलंत. माझी गाभण गाय मोठ्या रस्त्यावर जाऊन उभी राहिली. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचली. ट्रक आडवा झाला, काका. आत माणूस होता."

मी म्हणालो, "फाटक मी लावलं. माझ्या हाताने लावलं."

"एक झडप लावलीत. डावी तशीच उघडी होती."

एक झडप लावून दुसरी उघडी ठेवायला मी काय शेंबडा पोर आहे? मी त्याला तसं सुनावलं. खांब चोरून परत लावतोस, वर आता फाटकाचा आळ माझ्यावर घेतोस. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हिच्याकडे वळून म्हणाला, "काकू, तुम्हीच बघा काय ते," आणि गेला.

 जेवून उठताना ही माझ्या ताटाकडे बघून म्हणाली, "बटाटे नको होते तर आधी सांगायचं." मी म्हणालो, वाढलेस कुठे? तिने ताट फिरवून माझ्यापुढे सरकवलं. बटाटे होते. हा आता घरातही खेळ सुरू झाला काय, असं वाटून गेलं. चिडून सगळे खाल्ले.

१९ मार्च, बुधवार

आज पुरावा मिळाला. माझा मीच मिळवला.

या वेळी बसने आलो नाही. वाटेने गेलो आणि तिनेच उलटा आलो. जाताना कुरणापासून जंगलापर्यंत एकही खांब नव्हता. टेकडीखाली पाणी प्यायलो, थोडा बसलो आणि परत फिरलो. आणि येताना ते सगळे उभे होते, उजव्या हाताला, कोऱ्या पाठी माझ्याकडे करून, जसे काही कधी हललेच नाहीत. उलट या दिशेचे जे खांब डावीकडे हवेत ते मात्र नाहीत.

म्हणजे मी पुढे गेलो की कोणीतरी मागून येऊन लावतं आणि येण्याआधी दुसरे काढून नेतं. हे लिहिताना मला स्वतःलाच कसंसं वाटतंय. एका माणसाचं हे काम नाही. पण वाट बंद पाडायची असेल तर यापेक्षा चांगली युक्ती कुठली? मला वेड्यात काढायचं, म्हणजे खात्याच्या बाई माझ्या हातून फेरी काढून घेतील आणि वाट बारगळेल. मी रात्रीपर्यंत थांबलो नाही, तडक खात्याला तक्रार लिहिली. गोठेवाल्याचं नाव घालून.

ही दारात उभी होती म्हणे. "मघापासून हाक मारतेय, इथंच तर उभी आहे," म्हणाली. मी दचकलो. हिच्या पायात मांजर शिरलंय की काय, आवाज न करता येते.

२४ मार्च, सोमवार

गोठेवाल्याने फाटकाला कुलूप घातलं.

खात्याच्या बाईंचा फोन आला. त्या कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते. म्हणाल्या, "तुमची तक्रार मिळाली. आमचा माणूस जाऊन आला. सगळे खांब जागेवर आहेत. आता ते गृहस्थ चिडलेत आणि जमीन त्यांची आहे. कुरण नसेल तर लोकांना मोठ्या रस्त्यावरून न्यावं लागेल. तसं असेल तर ही वाहनमुक्त वाट राहत नाही. सत्तावीस तारखेला फाटक उघडं असलं तर ठीक, नाहीतर मला 'अपूर्ण' असा शेरा मारून फाइल बंद करावी लागेल."

एवढी वर्षं घालवून केलेली वाट एका कुलपापाशी अडली. मोठ्या रस्त्याचा तोच तुकडा, जिथे ट्रकने हिला घासलं होतं. म्हणजे मी फिरून फिरून हिला तिथेच आणून सोडलं.

२६ मार्च, बुधवार

ही माझ्या पाठीशी येऊन ही वही बघत होती. वाचत नव्हती, नुसती बघत होती. म्हणाली, "अहो, अलीकडे अर्ध्या पानावरून का सुरुवात करता?"

मी म्हणालो, समास सोडतो.

"एवढा? मागच्या महिन्यात तर कडेपासून लिहायचात."

मी वही मिटली. नंतर ही जिन्याखाली काहीतरी खुडबुड करत होती. जाऊन बघतो तर सायकलला हवा भरत होती. मी काही विचारलं नाही, न जाणो विचार बदलायची. म्हणाली, "शनिवारी मी येते तुमच्याबरोबर. कालव्यापर्यंतच. बघू तर कोण खांब काढतंय."

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. इतकी वर्षं या एका वाक्याची वाट बघत होतो. फाटक बंद असलं म्हणून काय झालं, काठ तर आहे.

२९ मार्च, शनिवार

हात अजून नीट चालत नाही, तरी लिहून ठेवतो.

सकाळी निघालो. ही पहिल्यांदा घाबरत घाबरत, हँडल घट्ट धरून. काठ लागला तशी सैल झाली. पाणी संथ, पलीकडे फळबागा, रस्ता सपाट. ही माझ्या डावीकडून चालवत होती, पाण्याच्या बाजूने. लग्नापासून ही माझ्या डावीकडेच चालते, तशी आमची सवयच आहे. बोलत होतो. म्हणजे मी बोलत होतो, ट्रक नाही, हॉर्न नाही, बघ, म्हणालो नव्हतो? सुरुवातीला ही हं हं म्हणत होती. मग म्हणाली, "अहो, थोडं उजवीकडे." मग, "अहो, सरका की." मला वाटलं, रस्ता तर सगळा मोकळा पडलाय, हिला किती जागा लागते. मग तिने नुसती हाक मारली, आणि पुढच्या क्षणी पाण्याचा आवाज.

मी थांबलो, उतरलो, आणि मला ही दिसेना. कालवा दिसत होता, समोरचा काठ दिसत होता, ही नाही. मी ओरडत उलट्याच दिशेला धावलो. मागून हिचा आवाज आला, "इकडे. इकडे बघा. मी इथं आहे." पूर्ण वळलो तेव्हा दिसली. गळ्यापर्यंत पाण्यात, गवताची मूठ धरून. सायकल खाली गेलेली.

पाणी फार खोल नव्हतं, म्हणून वाचलो. बाहेर काढताना माझा खांदा दुखावला. ही काठावर बसून थरथरत होती आणि माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. ट्रकच्या वेळीसुद्धा मी हिचा असा चेहरा पाहिला नव्हता.

संध्याकाळी कोरडे कपडे, चहा झाला. हिने मला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर स्टूल घेऊन बसली. म्हणाली, "माझ्या नाकाकडे बघा. डोळे हलवायचे नाहीत."

मी म्हणालो, हे काय नवीन?

"बघा म्हणते ना." मग तिने हात पसरले असावेत. "काय दिसतंय?"

"तुझा हात. बोटं हलवतेयस."

"किती हात?"

"एक."

तिने स्टूल जवळ ओढलं. मग म्हणाली, "दोन्ही हलवतेय हो."

मी हसलो. तिला म्हणालो, पुरे कर. मग मान वळवली. हात होता तिथे. हवेत, माझ्या कानापासून वीतभर अंतरावर. बोटं हलत होती.

१ एप्रिल, मंगळवार

दवाखान्यातल्या खाटेवरून. डोळे ठणठणीत आहेत. डॉक्टर म्हणतात, डोक्यात मागच्या बाजूला एक बारीकशी गुठळी झाली होती, बहुधा तीन-चार आठवड्यांपूर्वी. दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली आहे. चक्कर वगैरे आली होती का? हिच्याकडे न बघता मी सांगितलं, खांब रोवताना.

मी विचारलं, मग मला काळं का दिसत नाही? अर्धं जग गेलं तर समजायला नको? डॉक्टर तरुण आहेत, समजावून सांगतात. म्हणाले, "मेंदू भोक ठेवत नाही. आजूबाजूचं घेऊन भरून काढतो. तुम्हाला रस्ता अखंड दिसतो, फक्त त्यातल्या काही वस्तू नसतात."

त्यातल्या काही वस्तू. खांब, बटाटे, फाटकाची डावी झडप, आणि ही.

गोळ्या दिल्यात. एकट्याने सायकल बंद. थोडं परत येईल, सगळं येईलच असं नाही. मान सारखी डावीकडे वळवायची सवय लावा, म्हणाले.

मी हिच्यासाठी ट्रक नसलेला रस्ता बांधला आणि त्या रस्त्यावरचा ट्रक मीच निघालो. हे हिला बोलून दाखवलं तर म्हणाली, "ट्रकने थांबून मला बाहेर नव्हतं काढलं. झोपा आता." मी तोंड फिरवून रडलो. तिला दिसलं असणार, तिला दोन्ही बाजू दिसतात.

९ एप्रिल, बुधवार

घरी आलो. हिने वहीच्या प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला लाल रेघ ओढून दिलीय. लाल दिसेपर्यंत मान वळवायची आणि तिथून लिहायला लागायचं. शिवणकामातल्या खडूने आखतात तशी सरळ रेघ आहे. मागची पानं चाळली. एकोणीस तारखेच्या पानावर अक्षरं नुसती उजव्या कडेला चिकटलीत, डावीकडे हाताचा तळवा मावेल एवढं कोरं. तेव्हा मला ते पान भरलेलं वाटलं होतं.

खात्याला पत्र पाठवून तक्रार मागे घेतली. कारण सरळ लिहिलं. बाईंनी बरे व्हा म्हणून कळवलं आणि खाली एक ओळ, फाटकाचं मात्र तुम्हीच बघा.

१२ एप्रिल, शनिवार

हिचा हात धरून चालत गोठ्यावर गेलो. पुन्हा धारेची वेळ. शेजारी बांधलेली ती रस्त्यावर गेलेली गाभण गाय असेल, पोट तेवढं मोठं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चोर म्हणालो, ते खोटं होतं. फाटक मीच उघडं टाकलं होतं. मला ते दिसलंच नव्हतं, पण म्हणून गाय रस्त्यावर गेली नव्हती असं होत नाही. ट्रकमधल्या माणसाचंही बोललो.

तो धार काढत राहिला. वर बघितलं की नाही मला सांगता येणार नाही, तो माझ्या डावीकडे होता आणि मान वळवायची हिंमत झाली नाही.

मी म्हणालो, "सत्तावीसला फेरी आहे. मी मागायला आलेलो नाही."

"मग कशाला आलात?"

"सांगायला."

बादली भरत आल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "तुम्ही माझं नाव सरकारी कागदावर घातलंत, काका. गावात लोक मला खांबचोर म्हणतात. पोरं हिरवी पट्टी दाखवून हसतात." ही म्हणाली, "येतो आम्ही." तो म्हणाला, "बघू," पण ते येतोला होतं की फाटकाला, कळलं नाही.

२० एप्रिल, रविवार

हिने पंक्चरवाल्याकडून दोघांची सायकल आणलीय. लांबलचक, पुढे एकाने बसायचं, मागे एकाने, हँडल आणि ब्रेक पुढच्याच्या हातात. पंक्चरवाल्याने घंटी फुकट लावून दिली म्हणे, आजोबांचा जीव सांभाळा म्हणाला. डॉक्टरांना विचारलं. सपाटीला, मागच्या सीटवर बसत असाल तर हरकत नाही, म्हणाले.

अंगणात सराव केला. दोनदा कुंपणाला जाऊन भिडलो. ही म्हणाली, "तुम्ही वळायचं नाही, मी वळणार." मी इतकी वर्षं सगळ्यांना वाट दाखवली. मागे बसून नुसते पाय मारणं किती अवघड आहे, हे कोणी सांगितलं नव्हतं.

फाटक बंदच आहे. मुद्दाम बघायला गेलो नाही, बाईंनी कळवलं.

२७ एप्रिल, रविवार

बरेच लोक आले होते. बाई स्वतःची सायकल घेऊन आल्या, हँडलला फायलीची पिशवी. आम्हाला पुढे केलं. मी म्हणालो, आम्ही मागून येतो. बाई म्हणाल्या, "वाट तुमची आहे." मग ही पुढे, हिच्यामागे मी आणि आमच्यामागे सगळे.

काठाला लागल्यावर हिचे खांदे ताठरले. ती पडली होती ती जागा मला कळली, कारण पाय मारण्याचा वेग वाढला. मग ही म्हणाली, "खांब." मी म्हणालो, काय? "डावीकडे खांब आहे. उभा आहे." थोड्या वेळाने पुन्हा, "खांब." एकही सोडला नाही. मी रोवलेले, मी हरवलेले, सगळे खांब ती मला पाठमोरी एकेक करून परत देत होती. मला मान वळवायची गरज पडली नाही.

रेल्वेवाटेवर चाकांखाली खडी कुरकुरायला लागली. पुढे फाटक, डाव्या हाताला. उघडं असेल तर तिथून आत वळायचं. नसेल तर सरळ, मोठ्या रस्त्यावर, आणि बाईंच्या फायलीवर शेरा. ट्रकचे आवाज येऊ लागले, आधी लांबून, मग जवळून. हिची पाठ घामाने भिजली होती. मी मान वळवू शकलो असतो. वळवली नाही. उजवीकडच्या झुडपांकडे बघत पाय मारत राहिलो आणि ब्रेकची वाट बघत होतो.

"खांब," ही म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

ब्रेक लागला नाही. सायकल डावीकडे कलली, मीही तिच्याबरोबर कललो, खडीचा आवाज थांबला आणि चाकांखाली गवत आलं. आणि मला न दिसणाऱ्या बाजूने, अगदी जवळून, कोणीतरी म्हणालं, "थांबू नका, काका. फाटक मी लावतो."